‘पित्ताच्या गोळीनं कॅन्सर आठपट’ : पोटाच्या विकारांवरचं संशोधन आपण कसं वाचावं

मागच्या श्रावणात आमच्या मामांनी पित्ताची गोळी बंद केली. आदल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवली होती. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या आणि त्या गोळ्यांनी जठराला इजा होऊ नये म्हणून सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्रॅझोल ही पित्ताची गोळी होती. मग मोबाइलवर एक संदेश फिरत आला : ‘सावधान! हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांचा इशारा. ही गोळी तीन वर्षं घेतली तर पोटाच्या कॅन्सरचा धोका आठपट.’ मामा निवृत्त कॅशियर. आकड्यावर त्यांचा विश्वास बसतो. कुणालाच न विचारता त्यांनी ती पाकिटं कपाटात मागे सारली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र चालू ठेवल्या. तीन आठवड्यांनी शौचाला डांबरासारखी काळी होऊ लागली, जिना चढताना धाप लागली आणि दवाखान्यात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात रक्त सांडणारा व्रण. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी मामांनी मला खाटेवरून विचारलं, “अगं, आठपट म्हणजे काय थोडं झालं का? मग मी चुकलो कुठं?”

प्रश्न रास्त होता. संदेशातला आकडा खोटा नव्हता, तसा अभ्यास खरोखर झालेला आहे. मी पुण्यात पचनसंस्थेच्या विकारांवरच्या अभ्यासांचं समन्वयाचं काम करते. रुग्णांना माहितीपत्रक वाचून दाखवणं, त्यांच्या तपासण्यांच्या तारखा सांभाळणं, दुर्बिणीतून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं हे माझं रोजचं काम. त्या खाटेशेजारी बसून मामांना जे टप्प्याटप्प्यानं समजावलं, तेच इथं सविस्तर लिहिते आहे. हे वाचायला डॉक्टर असण्याची गरज नाही. त्रैराशिक येत असलं की पुरे.

पहिली पायरी : मूळ अभ्यासापर्यंत पोहोचा

बातमी किंवा संदेश वाचताना त्यातून तीन गोष्टी उचला. देश किंवा विद्यापीठ, औषधाचं अथवा आजाराचं नाव, आणि आकडा. या तीन गोष्टी इंग्रजीत टाइप करून पबमेडवर शोधा. पबमेड ही अमेरिकी सरकारची मोफत सूची आहे आणि जगातले बहुतेक वैद्यकीय अभ्यास तिथं सापडतात. पूर्ण लेखाला पैसे पडत असले तरी सारांश फुकट असतो. मोबाइलवर त्या पानाचं मराठी भाषांतरही करून घेता येतं. भाषांतर मोडकंतोडकं निघतं, पण आकडे तेच राहतात आणि आपल्याला हवे असतात ते आकडेच.

सारांश वाचताना शेवटचं वाक्य शेवटीच वाचा. तिथं लेखकांचं मत असतं. आधी पाहायची ती पद्धत : माणसं किती, कोण, किती वर्षं पाहिली. उंदीर किंवा काचेच्या बशीतल्या पेशी असं काही दिसलं, तर तो अभ्यास शास्त्रज्ञांच्या कामाचा आहे. त्यावरून आपण आपली गोळी सुरू किंवा बंद करायची नाही.

मामांच्या संदेशातला अभ्यास दहा मिनिटांत सापडला. ‘गट’ (Gut) या ब्रिटिश नियतकालिकाच्या २०१८च्या अंकात तो छापला आहे. त्यात ६३,३९७ माणसं होती.

दुसरी पायरी : ती माणसं तुमच्यासारखी आहेत का?

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि बातमीत नेमकी हीच गळते.

हाँगकाँगच्या त्या ६३,३९७ जणांत एक गोष्ट समान होती. प्रत्येकाला ‘एच. पायलोरी’ या जंतूचा संसर्ग झालेला होता आणि प्रत्येकानं त्यावर उपचार घेतले होते. म्हणजे संशोधकांचा प्रश्न होता : या जंतूनं एकदा जठर बिघडवलेलं आहे, जंतू गेलेला आहे, अशा माणसानं पुढं बरीच वर्षं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेतल्या तर काय होतं? मामांची ती तपासणी कधीच झालेली नव्हती. त्यांचा प्रश्न वेगळा होता : रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना जठर सांभाळायचं कसं?

या जंतूची गोष्ट थोडी सांगायला हवी, कारण पोटाच्या कॅन्सरवरचं अर्धं संशोधन त्याच्याभोवती फिरतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन यांना १९७९मध्ये जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वाकडे जंतू दिसले. जठरातल्या आम्लात जंतू तग धरूच शकत नाही अशी तेव्हाची समजूत होती. बॅरी मार्शल त्यांच्या जोडीला आले. १९८२मध्ये ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवायला ठेवलेल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जंतू वाढलेला सापडला. १९८४मध्ये मार्शल यांनी जंतूंचं पाणी स्वतः पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. १९९४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं या जंतूला कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण ठरवलं आणि २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता हे वाचून कुणी म्हणेल, भारतात हा जंतू घरोघरी आहे, मग आपलं कसं होणार? भारतात संसर्ग भरपूर आहे, तरी बहुतेक राज्यांत जठराचा कॅन्सर त्या मानानं कमी दिसतो. मिझोरम मात्र देशात सगळ्यात वर आहे. तिथं तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेलं ‘तुईबुर’ तोंडात धरतात आणि डुकराची चरबी आंबवून केलेला ‘सा-उम’ खातात. तिथल्या संशोधकांनी या सवयी तपासल्या आणि त्यांचा जठराच्या कॅन्सरशी संबंध दिसला. जंतू एकच, पण त्याची जात, तंबाखू, मीठ, खाणंपिणं आणि माणसाची जनुकं यांनी निकाल बदलतो. म्हणून जपानचा किंवा चीनचा आकडा उचलून सातारच्या माणसाला चिकटवता येत नाही.

दुसरं उदाहरण छातीत जळजळणाऱ्यांसाठी. १९९९मध्ये स्वीडनमधला एक अभ्यास आला. ज्यांना वारंवार जळजळ होते त्यांच्यात अन्ननलिकेच्या एका प्रकारच्या कॅन्सरची शक्यता ७.७ पट निघाली. जळजळ तीव्र, वारंवार आणि वर्षानुवर्षांची असेल तर ४३.५ पट. हे आकडे घाबरवणारे आहेत खरे. पण त्याच अभ्यासात अन्ननलिकेच्या दुसऱ्या प्रकाराशी, स्क्वेमस कॅन्सरशी, जळजळीचा काहीच संबंध दिसला नाही. आणि आपल्याकडे अन्ननलिकेचा जो कॅन्सर मुख्यतः दिसतो तो हा दुसरा. त्याची ओळखीची कारणं तंबाखू आणि दारू. ६५ अंशांहून जास्त गरम पेयांनाही २०१६मध्ये संभाव्य कारणांच्या यादीत घातलं गेलं. जळजळीनं हैराण झालेला माणूस कॅन्सरच्या भीतीनं इंटरनेट धुंडाळतो आणि गालात तंबाखूची चिमूट तशीच असते, हे मी बाकड्यावर बसलेल्या रुग्णांत पाहत आले आहे. पाहून जीव तुटतो.

माणसं बदलली की तीच गोळी कशी उलटते, हे अॅस्पिरिननं दाखवलं. लिंच सिंड्रोम हा घराण्यात चालत येणारा जनुकीय दोष आहे, त्यात आतड्याचा कॅन्सर तरुण वयात होतो. असा दोष असलेल्या ८६१ जणांच्या चाचणीत काहींना किमान दोन वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिलं. दीर्घकाळ पाहिल्यावर अॅस्पिरिनच्या गटात ४२७पैकी ४० जणांना आतड्याचा कॅन्सर झाला, नुसत्या दिसायला तशाच, औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्या गटात ४३४पैकी ५८ जणांना. म्हणजे फायदा. मग ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ धडधाकट वृद्धांना रोज १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन किंवा खोटी गोळी देऊन पाहिलं. तिथं अॅस्पिरिन घेणाऱ्यांत कॅन्सरनं झालेले मृत्यू ३.१ टक्के, खोटी गोळी घेणाऱ्यांत २.३ टक्के. पहिल्या अभ्यासाची बातमी वाचून सत्तरीच्या आजोबांना अॅस्पिरिन सुरू करणाऱ्यानं कोणाचं भलं केलं?

तिसरी पायरी : अभ्यासाची जात ओळखा

अभ्यास मुख्यतः तीन तऱ्हांचे असतात. पहिल्यात आजारी आणि निरोगी माणसांना मागचं विचारतात. दुसऱ्यात माणसं नोंदवून पुढं वर्षानुवर्षं पाहतात. तिसऱ्यात चिठ्ठ्या टाकून ठरवतात की कोणाला खरं औषध आणि कोणाला खोटं. विश्वास या क्रमानं वाढवत न्यायचा.

चिठ्ठीचं महत्त्व का? हाँगकाँगचा अभ्यास दुसऱ्या तऱ्हेचा होता. तिथं कुणी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. गोळी घेणारे आपल्या त्रासामुळे गोळी घेत होते. वर्षानुवर्षं ज्याला पित्ताची गोळी लागते त्याचं जठर आधीच अधिक बिघडलेलं असण्याची शक्यता आहे. शिवाय कधी कधी गाडी उलटी चालते : जठरात गाठ आधीच धरलेली असते, तिच्यामुळे जळजळ होते, जळजळीसाठी गोळी सुरू होते आणि मागाहून गाठ सापडली की खापर गोळीवर फुटतं. संशोधकांना हे माहीत असतं, ते हिशोबात त्याची काळजी घेतात, पण चिठ्ठीची जागा हिशोब भरून काढू शकत नाही. दुसरी बाजूही सांगते : आम्ल कमी करणाऱ्या दुसऱ्या जातीच्या, एच-टू गटातल्या गोळ्यांशी त्याच अभ्यासात असा संबंध दिसला नाही. त्यामुळे पॅन्टोप्रॅझोलच्या गटावरचा संशय अगदीच झटकून टाकता येत नाही.

चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणीही आहे, तीही पॅन्टोप्रॅझोलची. हृदयविकार किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या १७,५९८ जणांना, म्हणजे अगदी मामांच्याच गोतावळ्यातल्यांना, रोज ती गोळी किंवा खोटी गोळी देऊन सरासरी तीन वर्षं पाहिलं. २०१९मध्ये निकाल आला. कॅन्सर, हाडं मोडणं, मूत्रपिंड, विस्मृती यांपैकी कशातच फरक नाही. फक्त आतड्याचे संसर्ग थोडे जास्त : १.४ टक्के विरुद्ध १ टक्का. तीन वर्षं कॅन्सरसाठी अपुरी आहेत हे मात्र लक्षात ठेवायचं, त्याकडे पाचव्या पायरीत येऊ.

चौथी पायरी : ‘पट’ सोडा, माणसं मोजा

मामांना हा भाग मी औषधांच्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दाखवला. वर ‘८.३४ पट’ लिहिलं आणि विचारलं, “कशाच्या आठपट?” ते गप्प. कॅशियरला मूळ रक्कम न सांगता व्याज सांगितलं तर तो ऐकून घेईल का?

मग खाली लिहिलं. ६३,३९७ जणांना मध्यम हिशोबानं साडेसात वर्षांहून जास्त पाहिलं. जठराचा कॅन्सर झाला १५३ जणांना. म्हणजे हजारात साधारण अडीच माणसं. गोळी नियमित घेणाऱ्यांत जादा धोका किती, हे संशोधकांनीच काढलेलं आहे : दहा हजार माणसांनी एक वर्ष गोळी घेतली तर न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे चार कॅन्सर जास्त. तेही जंतूनं आधी जठर पोखरलेल्या माणसांत.

त्या ८.३४च्या शेजारी कंसात आणखी दोन आकडे असतात : २.०२ ते ३४.४१. याचा अर्थ, खरी पट दोन असू शकते किंवा चौतीसही, आमच्याकडे इतकंच सांगण्यापुरती माणसं आहेत. पल्ला इतका रुंद असेल तर त्या गटात कॅन्सर झालेले रुग्ण मोजकेच होते असं समजावं. कंसातला लहान आकडा १च्या खाली आणि मोठा १च्या वर असेल, तर फरक योगायोगानंही दिसला असेल. कंस वाचायची ही एक सवय लागली तरी निम्म्या बातम्यांची हवा निघते.

मामा बराच वेळ त्या बिलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आणि गोळी बंद केली तर रक्त सांडायची शक्यता किती, ते त्या संदेशात नव्हतं.” बरोबर. वहीला जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात. त्यांनी एकच पान वाचलं होतं.

हाच हिशोब दुसरीकडे लावून बघा. दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये ‘बॅरेट्स इसोफेगस’, म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या अस्तरात झालेला बदल, असं लिहून आलं की माणूस झोपत नाही, कारण ते कॅन्सरआधीचं लक्षण असं कुठंतरी वाचलेलं असतं. डेन्मार्कमध्ये अशा ११,०२८ जणांची नोंद तपासली. वर्षाला कॅन्सर निघाला ०.१२ टक्के, म्हणजे हजारात एकाला थोडं वर. नजर ठेवायला हवी हे खरंच, पण झोप उडवण्याजोगं ते नाही. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हेही २०१५पासून फिरतंय. हे १८ टक्के मूळ धोक्याच्या वर आहेत. मूळ धोका शंभरात पाच असेल तर तो सहाच्या आसपास जातो. शंभरातल्या अठरा जणांना कॅन्सर होतो असा अर्थ मुळीच नाही.

पाचवी पायरी : मोजलं काय आणि किती वर्षं?

जठराचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आधी सूज, मग अस्तर झिजतं, मग जठराच्या अस्तराला आतड्यासारखं रूप येतं, मग पेशी बिघडतात आणि मग कॅन्सर. कोलंबियाचे पेलायो कोरिया यांनी हा जिना मांडला. प्रत्येक पायरीला वर्षं लागतात आणि बहुतेक माणसं मधल्याच पायरीवर आयुष्यभर थांबतात.

म्हणून कालावधी पाहायचा. चीनमधल्या फुजियान प्रांतात १,६३० जंतूबाधितांना उपचार किंवा खोट्या गोळ्या देऊन साडेसात वर्षं पाहिलं. कॅन्सर ७ विरुद्ध ११. फरक पडला म्हणण्याजोगा नव्हता. पण ज्यांच्या जठरात सुरुवातीला झीज किंवा बदल नव्हता, त्यांच्यात उपचार घेणाऱ्या गटात एकही कॅन्सर नाही, दुसऱ्या गटात ६. जिन्याच्या तळाशी असताना उपचार केला तर उपयोग अधिक, असा इशारा त्यातून मिळाला. शानडोंग प्रांतात २,२५८ बाधितांवर १९९५मध्ये असाच प्रयोग सुरू झाला, गोळ्या फक्त दोन आठवडे. जवळपास पंधरा वर्षांनी मोजलं तेव्हा उपचार घेणाऱ्यांत कॅन्सर ३ टक्के, दुसऱ्या गटात ४.६ टक्के. पंधरा दिवसांच्या गोळ्यांचं उत्तर पंधरा वर्षांनी आलं! जे संशोधक इतकी वर्षं गावोगाव जाऊन त्याच माणसांची दारं ठोठावतात, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

कोणाला मोजलं, हेही बघायचं. २०२२मध्ये ‘कोलोनोस्कोपीचा (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणीचा) फारसा उपयोग नाही’ अशा बातम्या आल्या. अभ्यास पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या ८४,५८५ जणांचा होता. ज्यांना तपासणीचं बोलावणं पाठवलं त्यांच्यात दहा वर्षांत आतड्याचा कॅन्सर ०.९८ टक्के, न बोलावलेल्यांत १.२० टक्के. पण बोलावलेल्यांपैकी तपासणी करून घेतली फक्त ४२ टक्क्यांनी. पत्रिका पाठवलेल्या सगळ्यांना जेवलेले धरलं तर पंगतीचा हिशोब चुकणारच.

सहावी पायरी : आता स्वतःची फाइल काढा

वरचं सगळं शिकायचं ते यासाठी. फाइल उघडा आणि या गोष्टी शोधा.

दुर्बिणीचा आणि तुकड्याचा रिपोर्ट वेगळा असतो, दोन्ही पाहा. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस’ असेल तर ती जिन्याची पहिली पायरी, ती असंख्य लोकांत असते. ‘अॅट्रोफी’ म्हणजे झीज. ‘इंटेस्टिनल मेटाप्लेझिया’ म्हणजे अस्तराला आतड्याचं रूप. ‘डिस्प्लेझिया’ म्हणजे बिघडलेल्या पेशी, हा शब्द दिसला तर तो रिपोर्ट घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडं लवकर जायचं. मेटाप्लेझिया असेल तर विचारा : तुकडे जठराच्या कुठल्या भागांतून घेतले, बदल एका जागी आहे की सगळीकडे, पुन्हा दुर्बीण कधी?

‘एच. पायलोरी’ची तपासणी कोणती झाली ते पाहा. दुर्बिणीच्या वेळी तुकडा पिवळ्या औषधात टाकतात आणि जंतू असेल तर ते गुलाबी होतं. आमच्या खोलीत ती पट्टी टेबलावर असते, डोळ्यांदेखत कडेनं गुलाबी रंग चढताना दिसतो. पण पित्ताची गोळी चालू असेल तर जंतू दबतो आणि तपासणी खोटं ‘नाही’ सांगते. म्हणून आधी दोन आठवडे ती गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक नसावं. गोळी थांबवणं शक्य आहे का, हे डॉक्टरांनाच विचारायचं. मामांचं उदाहरण समोर आहे. रक्तातली तपासणी जंतू गेल्यावरही बराच काळ ‘आहे’ दाखवत राहते, त्यामुळे उपचारानंतरची खात्री श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीनं करतात, उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी.

मग घराण्याचा कागद करा. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात कोणाला जठराचा किंवा आतड्याचा कॅन्सर, कितव्या वर्षी. कोरियात असे जवळचे नातेवाईक असलेल्या जंतूबाधितांवर चाचणी झाली. उपचार घेतलेल्या गटात सुमारे नऊ वर्षांत १.२ टक्के कॅन्सर, दुसऱ्यात २.७ टक्के. म्हणजे ज्यांच्या घरात जठराचा कॅन्सर होऊन गेला त्यांनी ही तपासणी करून घेण्यात अर्थ आहे. आतड्याचा कॅन्सर घरात असेल तर कोलोनोस्कोपी चाळिसाव्या वर्षी किंवा नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल ते, असं अनेक मार्गदर्शक सूचना सांगतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा जुनाट आजार) असेल तर आजार कधी सुरू झाला ते लिहून ठेवा. साधारण आठ वर्षांनंतर नियमानं आतून तपासणी लागते.

पचनमार्ग तोंडापासून सुरू होतो हे आपण विसरतो. मिश्री, गुटखा, तंबाखू यांचा पहिला घाव तिथंच पडतो. केरळात तिरुवनंतपुरमजवळ १९९६पासून तेरा पंचायतींत प्रयोग झाला : सात ठिकाणी प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसतं तोंड उघडून पाहिलं. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. हा आपल्या देशातला, आपल्या सवयींच्या माणसांवरचा अभ्यास आहे. घरात मिश्री लावणारी आजी असेल तर आज उजेडात तिचे गाल, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरलेला फोड, किंवा तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर दाखवायला न्या.

आणि काही लक्षणं अशी की तिथं कुठलाच अभ्यास वाचत बसायचं नाही. घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी, कारण न समजणारी रक्ताची कमतरता, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, कावीळ. शौचातून रक्त गेलं की ‘मूळव्याधच असणार’ म्हणून महिनोन्‌महिने मलम लावणारी माणसं आमच्याकडे येतात. मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही, पण मूळव्याधीच्या नावाखाली कॅन्सर झाकून राहतो. एकदा तपासून घ्यायला काय जातं?

सातवी पायरी : तुम्हालाच अभ्यासात बोलावलं तर

घाबरू नका, पण घाईही करू नका. भारतात औषधाच्या चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते, २००९पासून ते सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या, त्यात वर्ष आणि महिना असतो, आणि संकेतस्थळावर जाऊन पाहा : अभ्यास कोण करतंय, पैसा कोणाचा, कोण घेतले जाणार, काय मोजणार. तुम्हाला तोंडी सांगितलेलं आणि तिथं लिहिलेलं जुळतं का?

माहितीपत्रक मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर वाचून दाखवून मगच अंगठा घ्यायचा असतो. सही केलेल्या कागदाची प्रत घरी न्यायची. केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद आहे. प्रत्येक अभ्यास नीतिसमितीनं मंजूर केलेला असतो. तिच्यात किमान सात सदस्य असतात, त्यांत कायदा जाणणारी व्यक्ती, एक स्त्री आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचं एक साधं माणूसही लागतं. त्या समितीचा फोन नंबर पत्रकावर असतो. शंका असेल तर तिथं खुशाल फोन करा.

गेल्या वर्षी फलटणकडचे एक शेतकरी काका आमच्याकडे आले होते. जठरात मेटाप्लेझिया, वय बासष्ट. चौदा पानांचं पत्रक मी त्यांना तासभर वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “ताई, मला खोटी गोळी आली तर माझं नुकसान. खरी आली आणि तीच वाईट निघाली तर?” मी म्हटलं, “काका, कोणती बरी हे कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक असतं तर चिठ्ठ्या टाकणंच चूक ठरलं असतं.” त्यांनी मान हलवली, पण सही केली नाही. कागद घडी करून पिशवीत घातले आणि घरी शिक्षिका असलेल्या लेकीला दाखवतो म्हणाले.

पुढच्या गुरुवारी आले तेव्हा शेवटच्या पानामागे तीन प्रश्न लिहून आणले होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पत्रकात होती. तिसरा असा : ‘अभ्यास संपल्यावर निकाल आम्हाला पत्रानं कळवणार का?’ पत्रकात त्याबद्दल एक ओळही नव्हती. तो प्रश्न मी नीतिसमितीकडे पाठवला. नव्या आवृत्तीत नवव्या पानावर ती ओळ आली, आणि काकांनी त्या आवृत्तीवर सही केली.